ॲनाचं माहेर कुठलं?

हॉलिवूडच्या 'द किंग अँड आय'ने ॲना लिओनोवेन्स हे नाव जगभर पोचवलं. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजवाड्यात मुलांना इंग्रजी शिकवायला आलेली विधवा इंग्रज बाई. घेरदार झगा, ताठ मान आणि राजालाही चार गोष्टी सुनावणारी जीभ. ही बाई खरोखर होऊन गेली. 1862 ते 1867 ती बँकॉकला राजा मोंगकुटच्या पदरी होती. तिथून अमेरिकेत गेली, आठवणींची पुस्तकं लिहिली, व्याख्यानं दिली, मग मुलीच्या संसाराबरोबर कॅनडात राहिली आणि 19 जानेवारी 1915 रोजी मॉन्ट्रियलला वारली.

आपल्या घराण्याबद्दल ती सांगायची ते थोडक्यात असं. जन्म 1834चा, वेल्समधल्या कार्नार्व्हन गावचा. माहेरचं आडनाव क्रॉफर्ड. वडील सैन्यात कॅप्टन. ती सहा वर्षांची असताना लाहोरला शिखांच्या बंडात मारले गेले. शाळा तिकडेच, बोर्डिंगची. पंधराव्या वर्षी आईकडे जायला म्हणून पहिल्यांदा हिंदुस्थानात पाऊल ठेवलं. नवरा मेजर लिओनोवेन्स. सिंगापूरला वाघाच्या शिकारीनंतर ऊन लागून गेला. गाठीला होतं ते 1857च्या धामधुमीत बँका बुडाल्या त्यात गेलं. पदरात दोन मुलं, म्हणून नोकरी धरली.

यातलं वैधव्य आणि पदरची दोन मुलं एवढंच धड खरं आहे.

ॲना जन्मली नोव्हेंबर 1831 मध्ये, अहमदनगरला. आज त्याला आपण अहिल्यानगर म्हणतो. वडील थॉमस एडवर्ड्स. कॅप्टन नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीतले सार्जंट, म्हणजे खंदक खणणं, पूल बांधणं अशी कामं करणाऱ्या पथकातले. मूळचे लंडनकडचे, फौजेत भरती होण्याआधी लाकडी फर्निचर बनवणारे सुतार. पोरीच्या जन्माआधी तीनेक महिने ते वारले. म्हणजे लाहोर नाही, शीख नाहीत, आणि सहा वर्षांची ॲनाही नाही. बापाचं तोंड तिने पाहिलंच नाही.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी देश सोडून गेलेल्या, नाव बदललेल्या आणि स्वतःच खोटी हकिकत रचणाऱ्या बाईचं खरं माहेर कळतं कसं? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कुटुंबांचा इतिहास शोधणं हा इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात लाखो लोकांचा छंद आहे आणि त्याची एक ठरलेली रीत आहे. ॲनाचं उदाहरण घेतलं की ती रीत आणि तिच्यातले खाचखळगे दोन्ही चांगले दिसतात.

एक सर्टिफिकेट मिळेना

ॲनाची कहाणी उलगडायला सुरुवात झाली ती एका कोळीतज्ज्ञापासून. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हे आठ पायांच्या कोळ्यांचे नामांकित अभ्यासक. त्या निमित्ताने थायलंडला त्यांच्या फेऱ्या व्हायच्या. ॲनाचा मुलगा लुई पुढे सयाममध्येच सागवानाच्या धंद्यात मोठा झाला होता; त्याचं चरित्र लिहायचं ब्रिस्टोंनी मनावर घेतलं. चरित्र म्हटलं की पहिला कागद जन्माचा. लुई लंडनला जन्मला असं त्याच्या आईने सांगून ठेवलेलं होतं. ब्रिस्टोंनी लंडनला शोध घेतला. सर्टिफिकेट नाही.

आता 'कागद नाही' याचा अर्थ काय लावायचा, इथे घाई करून चालत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. त्याआधी जे काही आहे ते चर्चच्या वह्यांत. या वह्या 1538 साली आठव्या हेन्रीच्या काळात ठेवायला सुरुवात झाली, पण त्यात जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो. मृत्यू नसतो, दफन असतं. म्हणजे 1834 साली कार्नार्व्हनला जन्मलेली मुलगी सरकारी दप्तरात सापडणारच नाही, तिला चर्चच्या वहीतच शोधलं पाहिजे. 1850च्या दशकात जन्मलेला मुलगा मात्र सरकारी यादीत असायला हवा. 'हवा' म्हणायचं कारण, सुरुवातीची काही दशकं नोंद करवून न घेणाऱ्या आईबापांना धाक असा नव्हता; तो कायदा 1874 साली कडक झाला. तोवर बरीच बाळं निसटली.

म्हणून एक रिकामी जागा काही सिद्ध करत नाही. मात्र लुई लंडनमध्ये सापडत नाही, आई कार्नार्व्हनमध्ये सापडत नाही, आजोबा कॅप्टन क्रॉफर्ड सैन्याच्या यादीत सापडत नाहीत, असं एकामागून एक झालं की संशय धरावा लागतो. शिवाय लाहोरचं गणितच जुळत नव्हतं. ॲनाच्या हिशेबाने बाप मेला 1840च्या आसपास. तेव्हा लाहोर हे शिखांच्या राज्याची राजधानी होतं. रणजितसिंह 1839 ला वारले होते, इंग्रजांशी पहिलं युद्ध 1845 ला पेटलं आणि पंजाब कंपनीच्या ताब्यात आला 1849 मध्ये. राज्य ज्यांचं, तेच बंड कुणाविरुद्ध करणार? वंशावळ तपासणारे हा प्रश्न नेहमी आधी विचारतात: सांगितलेली गोष्ट त्या सालात, त्या गावात घडू तरी शकत होती का? यासाठी दप्तरात जावंही लागत नाही.

ब्रिस्टोंनी मोहरा हिंदुस्थानकडे वळवला आणि घबाड हाती लागलं. 1976 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. कार्नार्व्हनच्या लोकांना धक्काच बसला, कारण ॲना आपल्या गावची म्हणून ते तोवर मिरवत होते. नगरकरांना तर ती आपली आहे याचा पत्ताच नव्हता.

कंपनीच्या वह्या

हिंदुस्थानातल्या गोऱ्यांचा शोध इंग्लंडातल्या इंग्रजांपेक्षा काही बाबतींत सोपा पडतो, आणि याचं श्रेय कंपनीच्या हिशेबी वृत्तीला. मद्रास, मुंबई आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांतले पाद्री आपापल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांची नक्कल करून वरिष्ठांकडे पाठवायचे. तिथून ती जहाजाने लंडनला जायची. मुंबई इलाख्याच्या अशा नकला 1709 पासूनच्या आहेत. मूळ वही वाळवीने खाल्ली, पावसात भिजली, चर्च बंद पडलं, तरी लंडनची नक्कल शाबूत. आज हा साठा ब्रिटिश लायब्ररीत आहे. मुंबईच्या वह्यांवर 'एन/3' असा क्रमांक असतो. बंगालला 1, मद्रासला 2. त्यातला बराच भाग आता स्कॅन होऊन पैसे भरून ऑनलाइनही बघता येतो. आपल्याकडच्या पुणे, नगर, बेळगाव, देवळाली इथल्या जुन्या अँग्लो-इंडियन घराण्यांनाही याच वह्या कामी येतात. कारण या 'मुंबई'त पुणे-नगरच काय, गुजरातेतलं डीसा आणि पार तिकडे एडनसुद्धा येतं.

ॲनाची नोंद या साठ्यात सापडली: ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्स. 'ॲन'ची 'ॲना' तिने नंतर केली, हॅरिएटच्या शेवटी एक 'ई' जोडला आणि एमाला रजा दिली.

अशी बाप्तिस्म्याची ओळ दिसते कशी, ते जरा जवळून पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. त्या काळच्या छापील रकान्यांत असायचं: बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव, आईचं नाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा हुद्दा किंवा धंदा, विधी करणाऱ्या पाद्र्याची सही. आईचं नाव, एवढंच. माहेरचं आडनाव लिहायला रकानाच नाही. 'थॉमस आणि मेरी ॲन एडवर्ड्स यांची मुलगी' एवढ्यावर भागलं. मेरी ॲन कुणाची लेक, हे शोधायला तिच्या लग्नाची ओळ गाठायची. तीही मिळाली: 15 मार्च 1829, ठाण्याचं सेंट जेम्स चर्च, वधू मेरी ॲन ग्लॅस्कॉट. नगरच्या ओळीपासून ठाण्याच्या ओळीपर्यंत एक पायरी. या छंदातलं बहुतेक काम असंच चालतं, एका ओळीत पुढच्या ओळीचा धागा शोधायचा.

ग्लॅस्कॉट हे काही स्मिथ किंवा एडवर्ड्ससारखं गल्लोगल्ली सापडणारं आडनाव नाही, आणि ही शोधणाऱ्यांची मोठीच चैन. मुंबईच्या फौजेत विल्यम व्हॉड्री ग्लॅस्कॉट नावाचे अधिकारी होते. इंग्लंडात जन्मलेले, 1810 मध्ये हिंदुस्थानात आलेले, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या चौथ्या रेजिमेंटमध्ये. हे ॲनाच्या आईचे वडील. म्हणजे घराण्यात कमिशन मिळालेला, जन्माने इंग्रज असा खराखुरा लष्करी अधिकारी होता. फक्त तो बाप नव्हता, आईचा बाप होता. तिने कॅप्टन क्रॉफर्ड रचला तो अगदीच हवेतून नव्हे, असं मला वाटतं.

इथपर्यंत सगळं सरळ आलं. पुढची पायरी: ग्लॅस्कॉटची बायको कोण?

आणि इथे वही गप्प. लग्नाची नोंद नाही, बायकोचं नाव नाही, काही नाही. अधिकाऱ्याचं लग्न, तेही चर्चमध्ये लागलेलं, कंपनीच्या दप्तरातून असं सहजासहजी गायब होत नाही. चरित्रकार सुझन मॉर्गन यांचं म्हणणं असं की याचा एकच पटण्यासारखा अर्थ आहे: ती बाई युरोपीय नव्हती. हिंदुस्थानी असेल किंवा मिश्र रक्ताची असेल. अशी घरं त्या काळी मुंबई-पुण्याच्या छावण्यांत भरपूर होती. त्यातल्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या ओळीत बापाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं साग्रसंगीत, आणि आईच्या जागी 'नेटिव्ह वुमन' एवढंच लिहिलेलं सापडतं. कधी तेही नाही. तर ॲनाच्या आजीबद्दलचं हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण शोधणाऱ्याने रिकामी जागासुद्धा वाचायची असते: ती निष्काळजीपणाने राहिली, की कुणी मुद्दाम ठेवली?

लपवायचं कशासाठी

नुसतं 'बाई खोटारडी होती' म्हणून मोकळं होता येतं, आणि तसं म्हणणारे बरेच आहेत. मला ते उथळ वाटतं. 1791 मध्ये कंपनीने फर्मान काढलं की आई किंवा बाप हिंदुस्थानी असलेल्या मुलाला कंपनीच्या मुलकी, लष्करी किंवा दर्यावर्दी सेवेत वरच्या जागी घ्यायचं नाही. 1795 मध्ये आणखी घट्ट केलं: आईबापांपैकी एक जरी युरोपीय नसला तर सैन्यात घेतलं तरी ढोल-बासरी वाजवायला, बँडमध्ये किंवा घोड्यांना नाल ठोकायला, लढायला नाही. ग्लॅस्कॉट इथे आले ते हे नियम लागू झाल्यानंतर. म्हणजे आजी कोण होती हे जाहीर होणं म्हणजे नातवंडांच्या पोटावर पाय.

आणि प्रश्न नुसता रक्ताचा नव्हता, दर्जाचाही होता. सार्जंट हा गोरा असला तरी 'साहेब' नव्हे. तो बराकीतला माणूस. त्याची बायको बराकीत राहायची, पोरं पलटणीच्या मागे या छावणीतून त्या छावणीत. नवरा मेला की विधवेला तिथे कोण ठेवणार? मेरी ॲनने ॲनाच्या जन्मानंतर काही महिन्यांतच पॅट्रिक डोनोहो या आयरिश कॅथलिक कॉर्पोरलशी लग्न केलं. आज वाचताना भुवया उंचावतात, पण छावणीत हेच व्हायचं आणि लवकरच व्हायचं. मेरी ॲन स्वतः पहिल्या लग्नाच्या वेळी जेमतेम तेरा-चौदाची असावी.

सावत्र बापाबरोबर कुटुंब पश्चिम हिंदुस्थानात फिरत राहिलं. 1841 मध्ये डीसाला स्थिरावलं. चरित्रकारांच्या मते ॲना शिकली ती भायखळ्याला, बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत. बाप वारलेल्या किंवा दूर असलेल्या फौजी मुलांसाठी ही शाळा होती आणि मिश्र रक्ताच्या मुलांना तिथे प्रवेश मिळे. सोसायटी 1815 सालची. देवळालीचं बार्न्स स्कूल तिचंच. ॲनाचं वेल्समधलं बोर्डिंग ते हे, भायखळ्याचं. एक मात्र मान्य करायला हवं, पुढे राजवाड्यात आणि कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या दिवाणखान्यांत शोभून दिसेल असं इंग्रजी तिला याच शाळेने दिलं.

1849च्या नाताळात पुण्यात तिचं लग्न झालं. नवरा थॉमस लिऑन ओवेन्स, आयर्लंडचा, एन्निस्कॉर्थीचा. मेजर नव्हे, साधा कारकून. लिऑन हे त्याचं मधलं नाव. मधलं नाव आणि आडनाव एकत्र जोडून 'लिओनोवेन्स' असं भारदस्त आडनाव तयार झालं. शोधणाऱ्याचा असल्या ठिकाणी घात होतो. लिओनोवेन्स म्हणून शोधलं तर आधीचे कागद मिळत नाहीत, आणि ओवेन्स म्हणून शोधलं तर शेकडो मिळतात. मुरलेले लोक म्हणून नावाच्या मागे न लागता ठिकाण, साल, बायकोचं नाव, साक्षीदारांच्या सह्या यांच्यावरून जातात.

जहाजावर चढताना आणि उतरताना

पहिली मुलगी सेलिना दीड वर्षाचीही न होता गेली. 1852 मध्ये ॲना, थॉमस आणि ॲनाचा मामा ग्लॅस्कॉट ऑस्ट्रेलियाला निघाले. सिंगापूरहून 'अलिबी' नावाच्या जहाजावर बसले. वाटेत समुद्रावरच ॲना बाळंत झाली, मुलगा. 8 मार्च 1853 रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किनारा जवळ आलेला असताना जहाज खडकांवर फुटता फुटता वाचलं. दहा दिवसांनी मंडळी पर्थला पोचली. अलिबी म्हणजे 'मी तेव्हा तिथे नव्हतोच' असा बचाव. नाव 'अलिबी'च असावं, हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने खोडला असता.

स्थलांतर करणाऱ्यांच्या कागदांत एक गंमत असते. माणूस निघाला तिकडे नोंद कमी, पोचला तिकडे जास्त. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या सरकारी याद्या 1890 पासूनच्याच सलग टिकल्या आहेत. त्याआधी कोण गेलं हे शोधायचं तर वसाहतींच्या बंदरांतले कागद आणि तिकडची वर्तमानपत्रं बघावी लागतात. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या वर्तमानपत्रांत कोणतं जहाज आलं, त्यातून कोण उतरलं याचं सदरच असे, आणि आज ही वर्तमानपत्रं तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट खुली केली आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात जन्ममृत्यूची सरकारी नोंदही 1841 पासून होती. ॲनाचं ऑस्ट्रेलियातलं आयुष्य, जे तिने आपल्या आठवणींत पुसूनच टाकलं, ते या कागदांतून जवळजवळ सालवार उभं राहतं. जहाजावर जन्मलेला थॉमस मार्च 1854 मध्ये तेरा महिन्यांचा होऊन गेला. त्याच वर्षी ॲव्हिस जन्मली. ॲनाने मुलींची शाळा काढायची खटपट केली. नवऱ्याला लिंटन नावाच्या आडजागी, कैद्यांच्या तळावर कोठीची नोकरी लागली. आधी ही नोकरी मामा ग्लॅस्कॉटकडे होती. तिथे 1856 मध्ये लुई जन्मला. ब्रिस्टो लंडनला शोधत होते तो हाच मुलगा, जन्मला होता लिंटनच्या रखरखाटात.

1857 च्या एप्रिलमध्ये कुटुंब एकाएकी ऑस्ट्रेलिया सोडून सिंगापूरला आणि तिथून पेनांगला गेलं. थॉमस तिथे हॉटेल सांभाळायचा. मे 1859 मध्ये मेंदूतल्या झटक्याने तो गेला. त्याची कबर पेनांगच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत आहे. वाघ नाही, सिंगापूर नाही.

मग विधवा ॲना मुलांना घेऊन सिंगापूरला आली आणि तिने इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली. माझ्या मते क्रॉफर्डांची ॲना जन्मली ती इथे. सत्तावीस वर्षांची बाई, दोन लेकरं, जवळ पैसा नाही, गावात पुण्या-नगरचं ओळखीचं कुणी नाही. गोऱ्या घरच्या मुलांना शिकवायला लोक कुणाला ठेवणार, बराकीत वाढलेल्या सार्जंटच्या पोरीला की कॅप्टनच्या लेकीला? त्या काळी सभ्य घरच्या इंग्रज बाईला पैसे कमवायचा एकच मार्ग मानाचा समजला जाई, शिक्षिकेचा किंवा गव्हर्नेसचा. इंग्लंडात 1851च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा बायका काही लाखांनी जास्त निघाल्या आणि 'या बिनलग्नाच्या बायकांचं करायचं काय' अशी जाहीर चर्चा सुरू झाली. 1862 मध्ये मरिया राय आणि जेन लुइन यांनी मध्यमवर्गीय बायकांना वसाहतींत पाठवण्यासाठी संस्था काढली. तिने पुढच्या दोन-अडीच दशकांत 300च्या आसपास बायका, बहुतेक गव्हर्नेस, बाहेर धाडल्या. त्यांना अर्जाबरोबर चारित्र्याचे दाखले जोडावे लागत. ॲनाला दाखला देणारं कुणी नव्हतं. तिने घराणंच दाखला म्हणून तयार केलं. त्याच 1862 साली सयामच्या राजाला शिक्षिका हवी असल्याचं सिंगापूरमधले सयामचे राजप्रतिनिधी (कॉन्सल) तान किम चिंग यांच्याकडून निघालं आणि ॲना बँकॉकला गेली. राजाची मुलं एकूण ब्याऐंशी. त्या नोकरीवर नाटक-सिनेमांनी इतकं लिहून ठेवलंय की मी भर घालत नाही. थायलंडमध्ये 'द किंग अँड आय' राजाची बदनामी म्हणून दाखवू दिला गेला नाही, एवढं सांगितलं की पुरे.

सांगणारा कोण

वंशावळीच्या कामात प्रत्येक कागदाला विचारायचं असतं: हे तुला कुणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि सांगणाऱ्याला त्यात काय मिळणार होतं? नगरचा पाद्री 1831 मध्ये जे लिहीत होता ते घटनेनंतर लगेच, त्या छावणीत जिथे सार्जंट एडवर्ड्सला सगळे ओळखत होते. तिथे कॅप्टन म्हणून लिहून घेणं शक्यच नव्हतं. उलट कॅनडातल्या जनगणनेचा कारकून दारात आला की घरच्यांनी जे सांगितलं ते लिहून पुढच्या घरी. त्याची वही सरकारी असली तरी त्यातली माहिती ॲनाच्या घरच्यांचीच. आपल्याकडे त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही असंच असतं: आलेल्या यजमानाने पिढ्या जशा सांगितल्या तशा उतरल्या. म्हणून वीस कागदांवर एकच गोष्ट असली तरी त्या वीसांचा सांगणारा एकच असेल, तर पुरावा एकच धरायचा.

ॲनाच्या बाबतीत हेच झालं. तिची पुस्तकं 1870 पासून निघाली. 1884 मध्ये तिने हिंदुस्थानावर लिहिलं, त्यात मुंबई-पुण्याचं वर्णन नव्या पाहुणीच्या कौतुकाने केलंय, जिथे ती लहानाची मोठी झाली त्या मुलखाचं! मुलांनी, नातवंडांनी हीच हकिकत ऐकली. नातीने जपलेल्या कागदांवरून अमेरिकी लेखिका मार्गारेट लँडन यांनी 1944 मध्ये पुस्तक लिहिलं, त्यावरून सिनेमा, त्यावरून संगीतिका. सगळ्यांचा उगम एक. नगर आणि ठाण्याच्या दोन ओळी मात्र तिच्या तोंडून आलेल्या नव्हत्या.

सख्खी बहीण एलायझा ज्युलिया मात्र कागदोपत्री हिंदुस्थानातच राहिली. ॲनाने तिच्याशी संबंध तोडले होते. एलायझाने 1845 मध्ये, पंधराव्या वर्षी, डीसाला तोफखान्यातल्या जेम्स मिलार्डशी लग्न केलं. त्यांची मुलगी एलायझा सारा. तिने एडवर्ड जॉन प्रॅट यांच्याशी लग्न केलं आणि 1887 मध्ये लंडनला त्यांना मुलगा झाला, विल्यम हेन्री प्रॅट. त्यानेही पुढे कॅनडा गाठला, नाव बदललं आणि 1931 मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस म्हणून तो घराघरात पोचला: बोरिस कार्लॉफ. ॲना त्याच्या आईची मावशी.

या नात्यातून एक वाट निघते. डीएनएचा एक छोटा भाग, मायटोकॉन्ड्रियल म्हणतात तो, फक्त आईकडून येतो. मुलगे आणि मुली दोघांनाही मिळतो, पण पुढच्या पिढीला फक्त मुलीच देतात. कार्लॉफची आई, तिची आई एलायझा, तिची आई मेरी ॲन आणि तिची आई म्हणजे ग्लॅस्कॉटची ती बेनाम बायको. ही साखळी सगळी बायकांची आहे, म्हणजे कार्लॉफच्या अंगात आपल्या त्या खापरपणजीचा हा भाग होता. त्याने तो मुलीला दिला नाही, देऊ शकत नव्हता. पण एलायझाच्या किंवा ॲनाची मुलगी ॲव्हिस हिच्या लेकीबाळींची ओळ लेकीवर लेक अशी आजवर कुठे चालत आली असेल, तर तिच्यातल्या एखादीच्या साध्या लाळेच्या चाचणीत हा भाग जसाच्या तसा सापडेल. त्याच्या काही शाखा जवळजवळ दक्षिण आशियातच आढळतात, काही युरोपात. ग्लॅस्कॉटची बायको मुंबईकडची होती की इंग्लंडची, याचं उत्तर मिळालं तर या चाचणीतून मिळेल, वह्यांतून नाही.